देव न मानणाऱ्या माणसाचा भरवसा



मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका बचतगटात नवीन सचिव निवडायची होती. एका ताईंचं नाव पुढं आलं. हिशेब चोख, अक्षर चांगलं. पण त्या देव मानत नाहीत. घरात देव्हारा नाही, उपवास नाही. कुणीतरी म्हणालं, "जिला देवाची भीती नाही, तिच्या हातात पेटीची चावी कशी द्यायची?" बैठक तिथंच थांबली. आम्हाला तेव्हा आगरकर आठवले.

गोपाळ गणेश आगरकर 1856 साली कराडजवळच्या टेंभू गावी जन्मले. घरची गरिबी. हालात शिकून एम.ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण आईला त्यांनी आधीच पत्रातून कळवलं होतं, की पोटापुरत्या पैशात भागवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी देईन. तो शब्द त्यांनी पाळला. शाळेत शिकवलं, 'केसरी'चे पहिले संपादक झाले, पुढं 1888 मध्ये 'सुधारक' काढलं.

आगरकर देव मानत नव्हते आणि ते लपवतही नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की पोथीत लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरत नाही. तिनं माणसाचं दुःख वाढतं की कमी होतं, हे आपल्या बुद्धीनं तपासावं. या मापानं त्यांनी बालविवाह आणि विधवांचं केशवपन मोजलं, आणि दोन्हींना विरोध केला. मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, असं लिहिलं. 1891 मध्ये मुलींचं संमतिवय 10 वरून 12 करणारा कायदा आला, तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्यानं खंगून 1895 मध्ये ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या पूजेच्या आड मात्र ते आले नाहीत.

आता दुसरी बाजू. गाडगेबाबा कीर्तनकार. 'गोपाला, गोपाला' म्हणत गावोगाव फिरले. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. देवापुढं कोंबडं-बकरं कापू नका, सण-लग्नाला कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला, हेच सांगायचे. वर्गणी लाखांनी आली, तिच्या धर्मशाळा झाल्या. स्वतःजवळ ठेवलं गाडगं आणि चिंध्यांचे कपडे.

एकानं देव नाकारला, दुसऱ्यानं देवाचं नाव घेतलं. पण दोघंही दुसऱ्याचं दुःख पाहूनच कामाला लागले. आणि हेही खरं, की आगरकरांची प्रेतयात्रा काढणारेही देवभक्तच होते.

आमच्यातल्या बऱ्याच जणी देवाला हात जोडूनच घराबाहेर पडतो. त्यातून बळ मिळतं, ते खोटं नाही. पण हप्ते बुडवणाऱ्यांच्या घरातही देव्हारा असतो, हे आम्ही पाहिलंय.

पुढच्या बैठकीत आम्ही वही उघडली. त्या ताईंचा पाच वर्षांत एकही हप्ता चुकलेला नव्हता. एका आजारी बाईचा हप्ता त्यांनी दोनदा आपल्या पैशातून भरला होता, हेही तेव्हाच कळलं. ताई सचिव झाल्या. दोघींनी हात वर केला नाही, तोही त्यांचा हक्क. वही मात्र दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, असं ठरलं. सचिव देव मानणारी असो वा नसो.

तुमच्या गटात भरवसा कशावर ठेवता? पुढच्या बैठकीत जरूर बोला.