मुखपृष्ठावरची ती मुलगी

‘लायर’ ही किशोरांसाठीची कादंबरी २००९ साली अमेरिकेत निघायची होती. ब्लूम्सबरीने तिचे मुखपृष्ठ जाहीर केले, त्यावर लांब, सरळ केसांनी तोंड झाकलेली एक गोरी मुलगी होती. ऑस्ट्रेलियन लेखिका जस्टिन लार्बालेस्टिएर यांची नायिका मायका मात्र कृष्णवर्णीय बापाची लेक. केस आखूड, कुरळे. लोक तिला सहज मुलगा समजतात.

मला यातली एक गोष्ट फार बोचते. मायका सराईत खोटारडी आहे. तिचे किती खरे मानायचे, यावरच सारी कादंबरी उभी आहे. ते मुखपृष्ठ पाहिलेल्या वाचकांना शंका येऊ लागली, की ‘मी काळी आहे’ हेही ती खोटेच सांगत असावी. म्हणजे लेखिकेने न लिहिलेले एक खोटे प्रकाशकाने परस्पर तिच्या तोंडी घातले!

लार्बालेस्टिएर यांनी जाहीर आक्षेप घेतला. काळ्या चेहऱ्याची पुस्तके खपत नाहीत, हे त्या धंद्यातले जुने पालुपद. पण अशा पुस्तकांमागे प्रकाशक पूर्ण ताकद लावतात तरी कधी, असा त्यांचा सवाल होता. पुस्तक बाजारात येण्याआधी मुखपृष्ठ बदलले. (उर्सुला ल ग्विन यांनाही आपला तांबूस-तपकिरी गेड मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे गोरा झालेला पाहावा लागला होता.) २०१० च्या आरंभी ‘मॅजिक अंडर ग्लास’ आले. नायिका सावळी, मुखपृष्ठावर पुन्हा गोरी मुलगी, प्रकाशक तोच. तेही बदलावे लागले.

खरे तर ‘लायर’वर लेखिकेला कुठलाच चेहरा नको होता. ऑस्ट्रेलियातल्या आवृत्तीवर नुसती अक्षरे होती.