लाकडी गाडीचं पाचवं इंजिन

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर हे नाव कदाचित ऐकलं नसेल, पण फोटोत ही गाडी तुम्ही नक्की पाहिली असणार. पुढून गोलमटोल, बटाट्यासारखी. आणि दारांच्या मागे चक्क लाकडी चौकट! जुन्या वाड्याच्या खिडकीला असते तशी, वार्निश मारलेली, बाहेरून दिसणारी. मागे कपाटासारखी दोन दारं. ब्रिटिश लोक असल्या गाडीला इस्टेट म्हणतात, आपण स्टेशन वॅगन म्हणतो. १९५३ साली ती बाजारात आली, १९७१ मध्ये बंद झाली, आणि या काळात दोन लाखांच्या वर ट्रॅव्हलर बनल्या. त्यातल्या ज्या आजही इंग्लंडच्या रस्त्यांवर नेमाने धावतात, त्यांचं बोनेट उघडलं की बऱ्याचदा कारखान्यात बसवलेलं इंजिन नसतंच. १२७५ सीसीचं मोठं इंजिन असतं.

यावरून जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये कायम जुंपलेली असते. एका पक्षाचं म्हणणं, गाडी जशी बनली तशीच राहिली पाहिजे, अगदी स्क्रूसकट. दुसरा पक्ष म्हणतो, आम्हाला ती चालवायची आहे, म्युझियममध्ये ठेवायची नाही. मी दुसऱ्या पक्षात आहे, आणि त्याचं कारण नुसती सोय हे नाही. या गाडीला "तिचं स्वतःचं" असं इंजिन मुळात कधी मिळालंच नाही.

त्याचं असं झालं. मायनरचा आराखडा केला ॲलेक इसिगोनिस यांनी. हेच पुढे १९५९ च्या मिनीचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्यांनी या छोट्या गाडीवर काम सुरू केलं, तेव्हा तिचं नाव होतं मॉस्किटो. त्यांच्या डोक्यात तिच्यासाठी एक खास इंजिन होतं: चार सिलिंडर, पण दोन-दोन समोरासमोर आडवे झोपलेले. फ्लॅट-फोर. असं इंजिन बुटकं आणि रुंद असतं, म्हणून त्यांनी बोनेटखाली जागाही तशी ऐसपैस ठेवली. दोन मापं ठरली होती, देशातल्या गिऱ्हाइकांसाठी सुमारे ८०० सीसी आणि निर्यातीसाठी ११०० सीसी. ब्रिटनमध्ये तेव्हा गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर मोजत. जाड सिलिंडर, जास्त कर. म्हणून घरच्यासाठी लहान. पुढे ती करपद्धतच गेली आणि १९४८ पासून सरसकट एकच कर लागू झाला, म्हणजे दोन मापांचं मुख्य कारण संपलं.

पण फ्लॅट-फोर आलंच नाही. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी पहिल्यापासून आवडत नव्हती, ते तिला "पोच्ड एग" म्हणायचे. नवीन इंजिनावर खर्च करायची इच्छा नव्हती. शेवटी १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर आली ती जुन्या मॉरिस एटचं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन घेऊन. ताकद जेमतेम २७ हॉर्सपॉवर. गाडीचं सस्पेन्शन नवं, रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग नवं, आकार नवा, आणि इंजिन युद्धाच्या आधीचं. आमच्या धंद्यात याला म्हणतात फ्रंटएंड नवीन, बॅकएंड तोच :)

जाता जाता एक गंमत. गाडी जवळपास तयार असताना इसिगोनिस यांना ती अरुंद वाटायला लागली. त्यांनी नमुना उभा मधोमध कापायला लावला आणि दोन्ही अर्धे चार इंच लांब सरकवून बघितले. हां, आता बरी दिसते! पण तोवर बंपर बनून बसले होते. मग तेही मधून कापून मध्ये एक पट्टी घातली. पहिल्या काही वर्षांच्या मायनरच्या बंपरवर ती पट्टी दिसते, आणि बोनेटच्या मधला सपाट पट्टा तर शेवटपर्यंत राहिला. रिलीजच्या आदल्या आठवड्यात केलेला बदल कोडमध्ये कायमचा राहतो, तसाच.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या हाडवैरी कंपन्या एकत्र येऊन बीएमसी झाली. सूत्रं आली लिओनार्ड लॉर्ड यांच्याकडे. हे आधी मॉरिसमध्येच होते, नफील्ड यांच्याशी भांडून १९३६ मध्ये बाहेर पडले आणि पुढे ऑस्टिनला जाऊन मिळाले होते. त्यामुळे मायनरला दुसरं इंजिन मिळालं ते शत्रूच्या घरचं, ऑस्टिन ए-३० मधलं ८०३ सीसीचं ए-सिरीज. आकडा लहान झाला, पण व्हॉल्व्ह आता वर, सिलिंडर हेडमध्ये होते आणि ताकद ३० हॉर्सपॉवरवर गेली. लाकडी ट्रॅव्हलर जन्माला आली ती हेच इंजिन घेऊन. भरलेली ट्रॅव्हलर चढावर नेताना काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१९५६ मध्ये तिसरं, ९४८ सीसी, ३७ हॉर्सपॉवर. १९६२ मध्ये चौथं, १०९८ सीसी, ४८ हॉर्सपॉवर. मधल्या काळात, १९६० च्या डिसेंबरमध्ये, दहा लाखावी मायनर बाहेर पडली. इतका आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. आणि या सगळ्याच्या बरोबर मध्ये, १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये, एम-१ मोटरवे सुरू झाला. सुरुवातीला त्यावर वेगमर्यादा नव्हती, ताशी ७० मैलांचं बंधन १९६५ च्या डिसेंबरमध्ये आलं. गावातल्या नर्सबाईंची आणि भाजीवाल्याची म्हणून ओळखली जाणारी गाडी आता अशा रस्त्यावर आली जिथे सगळे जण तासन् तास ७० नेच चालणार. १०९८ चं इंजिन ७५ च्या आसपास पोचायचं, पण बिचारं पूर्ण दम लावून.

आणि इथेच कारखाना थांबला. ए-सिरीजचं १२७५ सीसीचं रूप १९६४ मध्ये मिनी कूपर एस मध्ये आलं, पुढे एमजी मिजेटला मिळालं. त्याच घराण्यातलं इंजिन, बाहेरून साधारण त्याच मापाचं. पण मायनरला ते कधीच दिलं नाही. गाडी म्हातारी झाली होती, विकली जात होती तोवर विकायची, एवढाच विचार. १९७१ च्या एप्रिलमध्ये शेवटची ट्रॅव्हलर बनली आणि त्याच महिन्यात तिची वारस मॉरिस मरीना बाजारात आली. मरीनाचं पुढचं सस्पेन्शन कुठून घेतलं होतं? मायनरवरून. आणि स्वस्तातल्या मरीनाचं इंजिन कोणतं? १२७५ सीसी ए-सिरीज, मागच्या चाकांना ताकद देणारं, मायनरमध्ये बसतं तसं उभं. मायनरला जे हवं होतं ते सगळं कंपनीने बनवलं, फक्त मायनर बंद केल्यावर.

मरीनाला कोणी जीव लावला नाही. (बीबीसीच्या 'टॉप गिअर'मध्ये तर मरीना दिसली की तिच्यावर पियानो पाडायचे.) त्या भंगारात निघायला लागल्या, आणि मायनरवाल्यांनी त्यांची इंजिनं उचलली. फ्लायव्हील, मागची प्लेट अशी थोडी जुळवाजुळव केली की इंजिन बसतं. ताकद साठीच्या घरात. म्हणजे ४८ वरून साधारण सव्वापट, आणि तीही खालच्या वेगात, चढावर, जिथे खरी गरज असते तिथे. या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती चार्ल्स वेअर यांनी. त्यांनी बाथ शहरात मॉरिस मायनर सेंटर चालवलं आणि १९८२ मध्ये 'ड्युरेबल कार ओनरशिप' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, दर चार-पाच वर्षांनी नवी गाडी घेऊन पैसे बुडवण्यापेक्षा एक साधी गाडी घ्या, ती दुरुस्त करत, सुधारत आयुष्यभर वापरा. हे त्यांनी म्हटलं तेव्हा "सस्टेनेबल" हा शब्द कोणाच्या पीपीटीत नव्हता.

१२७५ वर न थांबणारेही आहेत. कोणी फियाटचं ट्विन-कॅम टाकतं, कोणी फोर्डचं, आणि काही महाभाग रोव्हरचं व्ही-८ टाकतात. ते ॲल्युमिनियमचं असल्याने मापाच्या मानाने हलकं आहे हे खरं, आणि इसिगोनिस यांनी सोडलेली ती रुंद जागा इथे कामाला येते हेही खरं. तरी मला ते पटत नाही. स्पीडसाठी म्हणून नाही, ब्रेकसाठी.

मूळ मायनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९६२ मध्ये १०९८ चं इंजिन देताना कारखान्याने पुढचे ड्रम सात इंचांवरून आठ इंचांचे केले, म्हणजे त्यांनाही हिशोब कळत होता. हिशोब साधा आहे: गाडी थांबवताना जी ऊर्जा ब्रेकने उष्णता करून टाकायची असते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६० ऐवजी ८० मैलांवरून थांबायचं असेल तर वेग एक तृतीयांश वाढला, पण ब्रेकवरचं काम जवळजवळ पावणेदोनपट झालं. ड्रम बंदिस्त असतो, उष्णता आत कोंडते, आणि उतारावर दोन-तीनदा जोरात दाबल्यावर पेडल आहे पण ब्रेक नाही अशी अवस्था येते. भरीला, मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याखाली आहे. ब्रेक ऑइल बघायचं तर गालिचा उचला! म्हणून शहाणी माणसं आधी पुढे डिस्क ब्रेक बसवतात, मग इंजिन. त्यानंतर फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स, म्हणजे मोटरवेवर इंजिन किंचाळत नाही. एक अडथळा काढला की पुढचा दिसतो, हे परफॉर्मन्स ट्यूनिंग केलेल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्याकडे हे उदाहरण फार लांबचं नाही. हिंदुस्तान मोटर्सने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हीच मायनर "बेबी हिंदुस्तान" म्हणून विकली होती. आणि मायनरची थोरली बहीण, मॉरिस ऑक्सफर्ड, आपल्याकडे ॲम्बेसेडर होऊन २०१४ पर्यंत बनत राहिली. १९९२ मध्ये तिच्यात इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले. ब्रिटिश पत्र्यात जपानी इंजिन, आणि ते कारखान्यानेच बसवलेलं. तेव्हा "ही आता ॲम्बेसेडर राहिली नाही" असं कोणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मग गाडी "तीच" आहे हे ठरवायचं कशावरून? ब्रिटिश सरकारने याला चक्क मार्क दिले होते. गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएने खूप फेरफार केलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवायचा की नाही यासाठी अनेक वर्षं गुणपद्धत वापरली: सांगाड्याला ५, सस्पेन्शनला २, ॲक्सलला २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २, आणि इंजिनाला फक्त १. पास व्हायला ८ हवेत. (२०२५ मध्ये हे नियम बरेच सैल केले.) २०१८ च्या मेपासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळाली, तिथेही मोठे फेरफार केलेल्या गाड्या वगळल्या, पण त्याच मूळ इंजिनाचं वेगळ्या सीसीचं रूप बसवलं तर तो मोठा फेरफार धरत नाहीत. म्हणजे मरीनाचं १२७५ चालतं. व्ही-८ वाल्यांनी मात्र नियम नीट वाचावेत.

ट्रॅव्हलरच्या बाबतीत त्या ५ मार्कांत एक वेगळीच मेख आहे. ते लाकूड शोभेचं नाही. ॲश जातीच्या लाकडाची ती चौकट मागच्या अर्ध्या गाडीचा भार पेलते, छप्पर आणि बाजूचे ॲल्युमिनियमचे पत्रे तिच्यावर बसवलेले असतात. लाकूड कुजलं असेल तर एमओटीत गाडी नापास होते, गंज लागलेल्या चॅसीसारखीच. पावसाचं पाणी सरकत्या काचांच्या खाचेतून झिरपतं आणि खालच्या आडव्या पट्टीत साचतं. आधी वार्निशखाली काळा डाग दिसतो, मग स्क्रू-ड्रायव्हर टोचला की लोण्यासारखा आत जातो. तिथे मरीना कामाला येत नाही. ॲशचे नवे तुकडे कापून आणायचे, जुनी चौकट सांध्या-सांध्याने सोडवायची, नवी कोरडी जुळवून बघायची, दारं बसतात का पाहायचं, परत थोडं तासायचं. आपल्याकडच्या ट्रकच्या लाकडी केबिन बांधणारे मिस्त्री हे काम डोळे झाकून करतील. इंजिन एका दिवसात उतरवता येतं. चौकटीला कित्येक आठवडे जातात, आणि त्यानंतरही दर पावसाळ्याआधी कुणीतरी ब्रश घेऊन वार्निश मारायला बसावंच लागतं. आणि इंग्लंडमध्ये पावसाळा बाराही महिने.