शब्दवेध : इंडस्ट्रियल

‘इंडस्ट्रियल म्युझिक’ हे नाव यंत्रांच्या खडखडाटावरून पडले असावे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते आले एका रेकॉर्ड कंपनीवरून. लंडनमधल्या थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटाने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ काढली आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कलावंत माँटी कझाझा याने तिला घोषवाक्य सुचवले : औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत.

त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. गटातला जेनेसिस पी-ऑरिज सांगे, की रॉकचा पाया ब्लूजचा, म्हणजे गुलामी आणि शेतमळ्यांच्या काळातला. संगीताने निदान औद्योगिक क्रांतीपर्यंत तरी पुढे यायला हवे. शहरात वाढलेल्या पोरांच्या कानांत जे रोज आदळत होते, त्यालाच त्यांनी टेप आणि सिंथेसायझरवर जागा दिली. (गोंगाटाला संगीत मानावे, हे इटलीच्या लुइजी रुसोलोने १९१३ मध्येच मांडले होते.)

मूळ लॅटिन ‘इंडुस्ट्रिया’चा अर्थ परिश्रम, चिकाटी. आपला ‘उद्योग’ही आधी प्रयत्नच होता; कारखाना त्याला नंतर चिकटला.

१९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइन्श्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन, म्हणजे ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’, हा गट उभा राहिला. त्यांनी लोखंडी पत्रे आणि ड्रिल वाजवले, आणि यंत्रांचा खडखडाट या नावाला खऱ्या अर्थाने चिकटला. थ्रॉबिंग ग्रिसल १९८१ मध्ये फुटला. पुढे अमेरिकेत मिनिस्ट्री, नाइन इंच नेल्स या गटांनी याच नावाखाली गिटार आणि नाचाचा ठेका आणला.