जीनी मॅक्फर्सन : पडद्यामागील एक लेखणी

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं चर्च उभारणाऱ्यांचें, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्यांचें आणि गायनवृंदांत सेवा करणाऱ्यांचें स्मरण करणें उचितच आहे. परंतु विसाव्या शतकांत एका नव्या कलेनें प्रभु येशूचें चरित्र लोकांच्या डोळ्यांसमोर उभें करण्याचें काम हातीं घेतलें, तिच्या सेवकांकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. पडद्यावर दिसणारे चेहरे आपण ओळखतों. ज्या लेखणीनें त्यांना प्रसंग दिले ती मात्र अंधारांत राहते. अशाच एका लेखणीची, म्हणजे अमेरिकेंतील मूकपटांच्या नटी व लेखिका जीनी मॅक्फर्सन यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॅक्फर्सनबाईंचा जन्म बोस्टन शहरीं झाला. शिक्षणासाठीं त्या कांहीं काळ पॅरिसमध्यें होत्या; पुढें घरची स्थिति खालावल्यामुळें स्वतःच्या पायांवर उभें राहणें त्यांना भाग पडलें. रंगभूमीवर थोडा अनुभव घेऊन इ. स. १९०८ मध्यें त्या डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या हाताखालीं बायोग्राफ कंपनींत दाखल झाल्या. त्या वेळचीं चित्रें बहुधा एका रिळाचीं, दहापंधरा मिनिटांत संपणारीं असत, आणि नटनटींचीं नांवेंहि पडद्यावर झळकत नसत. अशा शंभराहून अधिक चित्रांत बाईंनीं लहानमोठ्या भूमिका केल्या. त्यांपैकीं १९०९ सालच्या ‘ए कॉर्नर इन व्हीट’ या चित्राची कथा ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गव्हाचा बाजार मुठींत धरून गरिबांची भाकरी महाग करणारा एक धनिक शेवटीं गव्हाच्याच कोठारांत पडून गाडला जातो. पाप करणाऱ्याच्या दारीं त्याचें पाप परत येतें, हाच विचार पुढें बाईंच्या स्वतःच्या लेखनांतहि वारंवार दिसूं लागला.

युनिव्हर्सल कंपनींत त्या लेखन व दिग्दर्शन यांकडे वळल्या, आणि तेंहि एका अपघातानें. १९१३ सालीं ‘द टॅरांटुला’ या त्यांच्या चित्राची मूळ फीत नष्ट झाली, आणि तें चित्र पुन्हा तयार करण्याचें काम त्यांच्यावरच आलें. स्त्रीच्या हातीं चित्राची सूत्रें येणें ही त्या काळींहि सामान्य गोष्ट नव्हती.

यानंतर सेसिल बी. डीमिल या विख्यात दिग्दर्शकाशीं त्यांचा संबंध जडला. त्या नटी म्हणून काम मागावयास गेल्या. डीमिल यांनीं त्यांना लेखनास बसविलें. १९१५ पासून मूकपटांच्या अखेरपर्यंत डीमिल यांच्या बहुतेक चित्रांची कथा रचण्याचें काम बाईंनीं केलें. १९१६ च्या अखेरीस प्रदर्शित झालेला ‘जोन द वूमन’ हा संत जोन ऑफ आर्क हिच्या जीवनावरील पट त्यांच्याच लेखणीचा होय. जोनला धन्यपद १९०९ सालीं मिळालें होतें. संतपद मिळावयाचें होतें १९२० सालीं. म्हणजे वेदीवर संत म्हणून तिचा मान होण्याआधीं चार वर्षें ती पडद्यावर अवतरली. कथेचा आरंभ बाईंनीं पहिल्या महायुद्धांतील एका खंदकांत ठेवला : तेथें एका इंग्रज अधिकाऱ्यास जुनी तलवार सांपडते, आणि त्याच्या पूर्वजांनीं जिला जाळलें तिच्याच देशासाठीं प्राण देण्याची पाळी त्याच्यावर येते.

पुढील कांहीं वर्षांत त्यांनीं श्रीमंत समाजाच्या संसारकथा पुष्कळ लिहिल्या. त्या सर्वच आदर्श होत्या असें आम्ही म्हणणार नाहीं. विलासाचें चित्र मन भरेपर्यंत रंगवावयाचें आणि शेवटच्या रिळांत उपदेश करावयाचा, ही त्या चित्रांची रीत टीकाकारांनीं ओळखली होती.

परंतु १९२३ सालच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ या पटांत तोच उपदेश कथेच्या गाभ्यांत उतरला. डीमिल यांनीं वर्तमानपत्रांतून लोकांकडून विषय मागविले असतां, दहा आज्ञा मोडणारा मनुष्यच अखेर मोडतो, अशा आशयाचें एक पत्र आलें, आणि त्यावरून हा पट निघाला. बाईंनीं त्याचे दोन भाग केले. पहिल्यांत मोशे, मिसर देशांतून सुटका व तांबडा समुद्र. दुसऱ्यांत त्यांच्याच काळांतील एक आई व तिचे दोन मुलगे. थोरला सुतारकाम करणारा, श्रद्धावान; धाकटा आज्ञांची थट्टा करणारा आणि कंत्राटदार होऊन गबर झालेला. या धाकट्याकडे एका चर्चच्या बांधकामाचें कंत्राट येतें. तो सिमेंट कमी घालतो, वाळू वाढवितो. भिंतीला तडे जातात, आणि ती कोसळते ती त्याच्या स्वतःच्या आईच्या अंगावर. मरतांना ती माता मुलाला शाप देत नाहीं. आपण त्याला देवाचें भय शिकविलें, देवाचें प्रेम शिकविलें नाहीं, याचीच तिला खंत वाटते. समुद्र दुभंगलेला पाहावयास लोकांनीं गर्दी केली. परंतु आमच्या मतें त्या पटाचें खरें वर्म या पोकळ भिंतींत आहे.

प्रभूचें चरित्र पडद्यावर पाहून मनुष्याच्या मनांत काय उठूं शकतें हें आपणां महाराष्ट्रीयांस सांगावयास नको. मुंबईंत येशूच्या जीवनावरील एक चित्र पाहूनच दादासाहेब फाळके यांना आपल्या देवदेवतांचीं चित्रें काढण्याची स्फूर्ति झाली, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकट झाला. हीच जबाबदारी १९२७ सालीं ‘द किंग ऑफ किंग्ज’ या पटाच्या वेळीं मॅक्फर्सनबाईंवर आली. सल्ल्यासाठीं येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड यांना बोलाविण्यांत आलें, आणि चित्रीकरणाच्या जागीं ते मिस्साहि अर्पण करीत. पडद्यावरील बरेच शब्द शुभवर्तमानांतून, अध्याय व ओवी यांसह घेतले गेले. प्रभूचें प्रथम दर्शन तर अत्यंत हृद्य आहे : एका आंधळ्या लहान मुलीला दृष्टि मिळते, काळोख हळूहळू उजळतो, आणि तिच्या डोळ्यांनींच आपणांस येशूचें मुख दिसतें. पुढें अनेक देशांत मिशनरी मंडळींनीं हा पट दाखविला.

तथापि या पटांत दोषहि होते. मग्दालिया व यहूदा यांच्या प्रेमाचा प्रसंग शुभवर्तमानांत नाहीं. तो कल्पित आहे. याहून गंभीर आक्षेप यहुदी समाजानें घेतला. प्रभूच्या मरणाचा दोष सबंध जातीवर येईल, अशी त्यांची तक्रार होती. तिची दखल घेऊन पटांत फेरफार करावे लागले, आणि दोषाचा भार एकट्या कयफावर ठेवण्यांत आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवतां येत नाहीं. पवित्र कथा सांगणाऱ्याच्या हातून दुसऱ्याची मानहानि होऊं नये, हा धडा या प्रकरणांतून घेण्यासारखा आहे.

त्याच १९२७ सालीं अमेरिकेंतील चित्रपटांची अकादमी स्थापन झाली. तिच्या ३६ संस्थापकांत स्त्रिया तीनच होत्या : मेरी पिकफर्ड, बेस मेरेडिथ आणि जीनी मॅक्फर्सन. बोलपटांच्या युगांत बाईंचें तेज पूर्वीसारखें राहिलें नाहीं, तरी डीमिल यांच्या कामांत त्यांचा हात शेवटपर्यंत होता. २६ ऑगस्ट १९४६ रोजीं लॉस एंजेलिस येथें कर्करोगानें त्यांचें निधन झालें.

डीमिल यांचें नांव जगभर झालें. त्यांच्या भव्य चित्रांना कथेचा आधार देणाऱ्या या बाईंचें नांव थोड्यांनाच ठाऊक आहे. चर्चच्या भिंतींतहि असेंच असतें. घंटा सर्वांना ऐकूं येते. पायांतील दगड कोणी पाहत नाहीं, आणि चुन्यांत किंवा सिमेंटांत कोणी प्रामाणिकपणा कालविला हें भिंत उभी राहिली तरच कळतें. आपल्या पूर्वजांनीं उभारलेल्या भिंती ज्या अज्ञात हातांनीं नेकीनें रचल्या, त्या सर्वांना या शुभप्रसंगीं आमचें कृतज्ञ वंदन असो.