प्रदर्शनातील होस्टेस : स्वागतापलीकडचे काम

गोरेगावच्या नेस्को संकुलात एखादे औद्योगिक प्रदर्शन भरले की, प्रत्येक मोठ्या स्टॉलच्या तोंडाशी गणवेशातील तरुणी दिसते. व्यवसायात तिला होस्टेस म्हणतात. मराठीत 'स्वागतिका' हा चांगला शब्द आहे; तो येथे मात्र रुळला नाही.

माहितीपत्रक देणे आणि हसणे एवढेच तिचे काम, हा समज चुकीचा आहे. आलेल्यांपैकी खरा खरेदीदार कोण आणि फुकटच्या पिशव्या गोळा करणारा कोण, हे तिला दोन-तीन प्रश्नांत ओळखावे लागते. चौकशीची नोंद, परदेशी पाहुण्याशी त्याच्या भाषेत प्राथमिक बोलणे, योग्य अधिकाऱ्याशी गाठ घालून देणे, हे सारे दिवसभर उभ्याने आणि बहुधा उंच टाचांवर करायचे असते. कंपनी मोबदला देते तो इव्हेंट एजन्सीला. एजन्सीकडून कोऑर्डिनेटरमार्फत, त्याचे कमिशन वजा होऊन, तो तिच्या हाती पडतो. तोही अनेकदा उशिराने.

या पेशाला प्रतिष्ठा लाभली ती ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनात. चार कोटींहून अधिक प्रेक्षकांच्या त्या सोहळ्यात बहुभाषक, प्रशिक्षित होस्टेस यजमान देशाचा चेहरा ठरल्या. पुढे मोटार प्रदर्शनांनी भाषेपेक्षा रूपाला भाव दिला. ती प्रथाही आता ओसरते आहे. शांघायच्या मोटार प्रदर्शनाने २०१५ मध्ये मॉडेल उभ्या करणे बंद केले, तर फॉर्म्युला वनने २०१८ मध्ये 'ग्रिड गर्ल्स'ना निरोप दिला.

त्याच वर्षी जानेवारीत लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलमध्ये 'प्रेसिडेंट्स क्लब' या संस्थेचे, केवळ पुरुषांसाठी असलेले मदतनिधी भोज झाले. १३० होस्टेस नेमल्या होत्या. पोशाख तोकडा, आणि घडले ते बाहेर न सांगण्याच्या करारावर सही. 'फायनान्शियल टाइम्स'च्या प्रतिनिधी वेषांतर करून तेथे काम करत होत्या. पाहुण्यांनी केलेल्या अंगलटीचा वृत्तांत प्रसिद्ध होताच संस्थेने गाशा गुंडाळला.

भारतातील होस्टेसला अशा प्रसंगी 'आपण कंपनीच्या नोकरीत नाही' असे वाटून गप्प बसण्याचे कारण नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रोजंदारीवरील, हंगामी आणि कंत्राटदार वा एजंटमार्फत नेमलेली स्त्रीही कर्मचारीच मानली आहे. लेखी करार नसला, तरी फरक पडत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. दहापेक्षा कमी माणसांची एजन्सी असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्यासाठी कामाच्या तारखा, कोऑर्डिनेटरचे संदेश आणि पैसे जमा झाल्याच्या नोंदी जपून ठेवणे उपयोगी पडते.