बिनस्क्रूच्या डबीचा इतिहास

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा आराखडा सादर केला. वस्तू कितपत दुरुस्त होऊ शकते, हे ती विकत घेण्यापूर्वीच ग्राहकाला कळावे, हा त्यामागील हेतू. त्या निमित्ताने एका उपेक्षित वस्तूकडे, लॅपटॉपच्या चार्जरकडे, वळू या. या डबीला बहुधा एकही स्क्रू नसतो. तिच्या कवचाचे दोन भाग श्राव्यातीत कंपनांनी वितळवून सांधलेले असतात. असे का, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे.

जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर उचलून पाहिलेल्यांना त्याचे वजन आठवत असेल. घरातील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. आवर्तने जितकी कमी, तितका लोखंडी गाभा मोठा लागतो. वारंवारता हजारपटीने वाढवली तर गाभा मुठीत मावेल, पण मग लोखंडातच भोवऱ्यासारखे प्रवाह उठून ते तापते. ही कोंडी फुटण्याची वाट टोकियोत निघाली. 1930 साली योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी फेराइट हा चुंबकीय, तरीही विजेला विरोध करणारा पदार्थ तयार केला. त्याच्या उत्पादनासाठी 1935 मध्ये टीडीके ही कंपनी उभी राहिली. फेराइट असे का वागते, याचा सिद्धान्त मात्र लुई नील यांनी 1948 मध्ये मांडला. त्यांना 1970 चे नोबेल मिळाले. वस्तू आधी बाजारात, उपपत्ती नंतर! आम्हा भौतिकशास्त्रज्ञांना हा क्रम फारसा रुचत नाही.

पुढे उच्च दाब सोसणारे ट्रान्झिस्टर आले आणि वेगाने चालू-बंद होणारा वीजपुरवठा व्यवहार्य झाला. 1977 च्या ॲपल-टूसाठी रॉड होल्ट यांनी तो वापरला. ती क्रांती त्यांच्यापासून सुरू झाली असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात मोठ्या संगणकांत व मापन-उपकरणांत तो आधीपासून होता.

आजच्या चार्जरमध्ये हेच घडते. 230 व्होल्टची वीज प्रथम एकदिश होऊन सुमारे 325 व्होल्टला पोहोचते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडली जाते, आणि छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून 19-20 व्होल्ट होऊन बाहेर पडते. त्या 325 व्होल्टवर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर त्यात सुमारे 5 ज्यूल ऊर्जा साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ टिकू शकते. म्हणून डबी बंद ठेवण्यामागे केवळ उत्पादकाचा लोभ आहे, असे मी म्हणणार नाही. ती घरी फोडू नये, हेच माझे मत.

परंतु बिघाड पुष्कळदा डबीत नसतोच. तो असतो लॅपटॉपकडील पिनेच्या मुळाशी, जिथे केबल रोज वाकते. मल्टिमीटर लावून केबल हलवली आणि व्होल्टेज ये-जा करू लागले, तर दोष सापडला. मग चार्जर भिंतीपासून काढावा, तुटका भाग कापून नवी पिन सोल्डर करावी, आणि प्रत्येक जोडावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. बहुधा आतली तार धन व बाहेरची जाळी ऋण असते. तरी लेबलावरील खूण आणि मल्टिमीटर यांवरच विश्वास ठेवावा. काही चार्जरांत तिसरी बारीक तार असते. तिच्यावरून लॅपटॉप चार्जरला ओळखतो, म्हणून तीही जोडावी लागते.

ही विद्या आता मावळतीला आहे. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी 2023 मध्ये टाइप-सीचे भारतीय मानक जाहीर केले; युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 पासून टाइप-सी बंधनकारक केले आहे. एकच चार्जर अनेक यंत्रांना चालणे हा मोठाच लाभ. पण या प्लगमध्ये 24 संपर्कबिंदू दाटीने बसवलेले असतात, आणि 5 अँपिअरच्या केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी चिप असते. दिल्लीच्या नेहरू प्लेसमधला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरचा कसलेला कारागीरही तिथे सहसा नवी केबलच सुचवील. केबल दोन्ही टोकांना सुटी असेल तर त्यात तक्रारीचे कारण नाही. काहीशे रुपयांत काम भागते. मात्र काही टाइप-सी चार्जरांतही केबल डबीतच पक्की बसवलेली असते. तिथे एक तार तुटली की धडधाकट डबीही कचऱ्यात जाते.

निर्देशांक ठरवताना चार्जरसाठी एकच प्रश्न विचारला तरी पुरे : केबल डबीपासून सुटी होते की नाही?