अनुभवगुणांचे खाते कोणाच्या नावे? : प्राणिसंग्रही व्हिडिओ गेम आणि चांद्याच्या जंगलातील शिकारीची नोंदवही

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा गांभीर्याने घेतलेला नाही. महाविद्यालयात येणाऱ्या पिढीच्या बोलण्यात मात्र ‘लेव्हल’ आणि ‘पॉइंट’ हे शब्द इतके रुळले आहेत की, त्यांच्या मुळाशी एक विशिष्ट हिशेबपद्धती आहे याचे भानही राहिलेले नाही. या खेळांपैकी एका प्रकारात अद्भुत प्राणी पकडायचे, त्यांना लढवायचे आणि लढाईतून मिळणाऱ्या अनुभवगुणांवर त्यांची पातळी वाढवायची असते. १९९६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेला ‘पोकेमॉन’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

वन्य प्राण्याशी झालेल्या सामन्याचा हिशेब मांडण्याची रीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला नवीन नाही. १९८२ साली गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सारा प्रदेश एकच जिल्हा होता आणि ब्रिटिश अमदानीत ‘चांदा’ या नावाने शिकाऱ्यांना परिचित होता. प्रस्तुत लेखात या दोन हिशेबांचा एकत्र विचार केला आहे. सामना झाल्यानंतर श्रेय कोणाच्या खात्यावर जमा होते, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

अनुभवगुणांची पूर्वपीठिका

पटावरील सोंगटीने पायरीपायरीने वर चढावे ही कल्पना महाराष्ट्राला मोक्षपटाच्या रूपाने ठाऊक होती. परंपरा हा पट ज्ञानेश्वरांशी जोडते. मोक्षपटात संचय नसतो. कवड्यांचे दान पडेल तसे पुढे जायचे आणि सापाच्या तोंडी सापडल्यास मिळवलेले सारे गमवायचे, अशी त्याची रचना आहे. आजच्या खेळांतील अनुभवगुणांचा उगम मात्र अमेरिकेतील युद्धपटांच्या छंदात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात राक्षस मारल्याबद्दल व खजिना मिळवल्याबद्दल पात्राला गुण मिळत. योद्ध्यास दुसऱ्या पातळीसाठी २,००० गुण लागत, तिसरीसाठी ४,००० आणि चौथीसाठी ८,०००. त्यातील काही पिशाच्चांना योद्ध्याची पातळी शोषून घेण्याची शक्ती होती. म्हणजे मोक्षपटातील साप तेथे अगदीच नाहीसा झाला नव्हता.

ही पद्धत १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने जपानी घरांत लोकप्रिय केली. पुढील वर्षीच्या ‘मेगामी टेन्सेई’ या खेळात शत्रुपक्षातील असुरांशी बोलणी करून त्यांना आपल्या बाजूस वळवता येऊ लागले. तथापि, असे वळवलेले असुर लढून वाढत नसत. दोघांचे मिश्रण करून नवा असुर घडवावा लागे. १९९२ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’मध्ये सोबत आलेले राक्षस स्वतः अनुभव मिळवू लागले. पोकेमॉनने याच गोष्टीभोवती संपूर्ण खेळ उभा केला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा येथे किडे गोळा करण्यात गेले होते. शहर वाढले, शेते व डबकी बुजली आणि किडेही गेले. हा खेळ त्या हरवलेल्या छंदाची आठवण आहे, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे.

हिशेबाची रीत

पोकेमॉनमध्ये पातळी १ ते १०० अशी असते. पातळी व अनुभव यांचा संबंध सरळ रेषेचा नसून घनाचा आहे. अनेक प्राण्यांच्या बाबतीत पातळीचा घन म्हणजेच त्या पातळीसाठी लागणारे एकूण गुण. त्यामुळे पाचवीवरून सहावीवर जाण्यास ९१ गुण पुरतात, तर नव्व्याण्णववरून शंभरावर जाण्यास २९,७०१ लागतात. सर्व प्राणी सारख्या वेगाने वाढत नाहीत. मूळ खेळात वाढीचे चार गट होते आणि शंभराव्या पातळीसाठी त्यांना अनुक्रमे ८,००,०००, १०,००,०००, १०,५९,८६० व १२,५०,००० गुण लागत. सुरवंटासारखा केटरपी लवकर वाढून दहाव्या पातळीपर्यंत फुलपाखरू होतो. निरुपयोगी समजला जाणारा मॅजिकार्प मासा सर्वांत संथ गटातील असून विसाव्या पातळीवर एकाएकी प्रचंड जलसर्प बनतो. तोपर्यंत त्याला जपावे लागते, आणि मुलांना त्याचे जे अप्रूप वाटते ते यामुळेच.

गुण मिळण्याचे सूत्रही सोपे होते. पराभूत प्राण्याच्या जातीचा ठरलेला अंक त्याच्या पातळीने गुणून सातने भागायचा. पिजी पक्ष्याचा अंक ५५. सातव्या पातळीचा रानटी पिजी हरला की ५५ गुण मिळत. तो दुसऱ्या प्रशिक्षकाचा असल्यास दीडपट. सामन्यात दोन प्राणी उतरले असल्यास गुण निम्मे-निम्मे वाटले जात. अखेरचा घाव कोणी घातला याला किंमत नव्हती. हरलेला प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो, आणि त्याच्या खात्यातून काहीही वजा होत नाही. दुसऱ्याकडून बदलीत घेतलेल्या प्राण्याला दीडपट अनुभव मिळे. मात्र त्याची पातळी धन्याने जिंकलेल्या बिल्ल्यांच्या मानाने फार वाढली, तर तो आज्ञा पाळत नसे. प्रशिक्षकाला स्वतःची पातळीच नव्हती. त्याच्याजवळ बिल्ले आणि प्राण्यांची सचित्र नोंदवही एवढेच असे.

ही वाटणी पुढे सैल होत गेली. २०१३ पासून प्राणी नुसता पकडल्यानेही गुण मिळू लागले आणि लढाईत न उतरलेल्या सोबत्यांनाही वाटा देण्याची सोय अधिक व्यापक झाली; २०१९ पासून तर ती बंदच करता येत नाही. त्याहून मोठा बदल २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ने केला. मोबाईल घेऊन प्रत्यक्ष रस्त्यावर हिंडण्याच्या या खेळात अनुभवगुण व पातळी ही पुन्हा माणसाच्या नावे लागली. प्राण्याची ताकद वाढवायची ती वेगळी सामग्री खर्चून. डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने तो भारतात आला. त्यातील थांबे मुख्यतः आधीच्या एका खेळातील खेळाडूंनी सुचवलेल्या स्थळांवर आधारलेले होते. साहजिकच शहरे गजबजली आणि विरळ वस्तीचा मुलूख रिकामा राहिला. खऱ्या जंगलात काल्पनिक प्राण्यांचा असा दुष्काळ पडावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

चांद्याची नोंदवही

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांतात हिंस्र प्राणी मारल्याबद्दल सरकारी बक्षिसे दिली जात. मारलेले प्राणी, दगावलेली माणसे आणि वाटलेली रक्कम यांचे तक्ते दरवर्षी निघत. याखेरीज साहेबांची खासगी नोंदवही असे. लंडनमध्ये प्राण्यांची कातडी भरून देणाऱ्या रोलंड वॉर्डने १८९२ पासून शिकारीच्या विक्रमांचे ग्रंथ काढले आणि वाघाची लांबी हा शिकाऱ्याच्या प्रतिष्ठेचा अंक झाला. वाघ दोन खुंट्यांमध्ये सरळ मोजावा की पाठीच्या वळणावरून दोरी टाकून, यावर वाद झाले. वळणावरून मोजल्यास काही इंच वाढतात, हे त्या वादाचे मर्म होय.

या नोंदवहीतील वाटणीचा नियम पोकेमॉनच्या नेमका उलट होता. हाक्याच्या शिकारीत ज्याच्या गोळीने वाघाचे पहिले रक्त सांडले, त्याच्या नावे वाघ लागे. माग काढणारा गोंड वाटाड्या, बोदा बांधून रात्र काढणारा, ढोल पिटत झुडपांतून चालणारे हाकेवाले यांना मजुरी मिळे, प्रसंगी बक्षीसही मिळे. वाघ मात्र त्यांच्या नावे कधी लागला नाही. पंजाच्या ठशावरून नर की मादी, ताजा की शिळा हे सांगणारे ज्ञान ज्यांचे होते, त्यांची नावे शिकारकथांत बहुधा येतच नाहीत. साहेबाच्या पुस्तकात ते ‘आमचा शिकारी’ एवढ्यावर आटोपतात.

ताडोबात १९३५ साली शिकारीस बंदी झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. पुढे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येऊ लागला आणि खाते माणसाच्या नावावरून वाघाच्या नावावर आले. टी-१२ म्हणजे ‘माया’, मे २०२२ मध्ये वार्धक्याने गेलेला ‘वाघडोह’ या वाघांची चरित्रे आहेत. पिल्ले किती, हद्द कोणती, झुंजी कोणाशी हे पर्यटकांना तोंडपाठ असते. पोकेमॉनच्या नोंदवहीशी असलेले हे साम्य केवळ वरवरचे नाही. दोन्हीकडे मोजण्याचे एकक मारलेला प्राणी हे न राहता जिवंत, ओळखीचा प्राणी हे झाले.

तथापि, एका ठिकाणी हे साम्य तुटते. खेळात कोणी मरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद केलेल्या वाघाचे नाव ‘सीटी-१’ होते. त्यातील पहिले अक्षर संघर्षाचे आहे आणि त्याच्या खात्यावर १३ माणसांचे मृत्यू मांडले गेले.

तारू आणि बाकीचे

ताडोबा हे नाव ज्यावरून पडले, त्या तारूची कथा या संदर्भात विचारात घेणे आवश्यक आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी आख्यायिका आहे. तलावाकाठी झाडाखाली त्याचे स्थान असून पौषातील यात्रेची परंपरा आहे. वॉर्डच्या ग्रंथात ज्याला जागा मिळाली नसती, पोकेमॉनच्या सूत्राने ज्याच्या वाट्याला शून्य गुण आले असते, त्या हरलेल्याला या जंगलाने सर्वोच्च स्थान दिले.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. वनविभागाच्या वार्षिक तक्त्यात त्यांची भर पडली. तेंदूच्या हंगामात पहाटे कोणत्या वाटेने जावे, वानराने कसा आवाज दिला की मागे फिरावे, कोणत्या नाल्याशी वाकून काम करू नये, हे या भागातील बाया वर्षानुवर्षे जंगलात जाऊन शिकतात आणि मुलीसुनांना शिकवतात. संकलन केंद्रावर मात्र पाने पुड्यांवर मोजली जातात आणि मजुरी लागते ती शंभर पुड्यांमागे.